तत्त्वज्ञानाला जेवू कोण घालतं?

शेजारच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला, त्या संध्याकाळी तिचे वडील आमच्या दुकानात आले आणि काहीच न घेता काउंटरपाशी उभे राहिले. आमचं डिचोलीत किराणा मालाचं दुकान आहे. यजमान गल्ल्यावर होते, मी आतल्या बाजूला चवळी निवडत बसले होते. "वयनी, तुम्हीच सांगा तिला," ते मला म्हणाले. "बीएला जाते म्हणते, ते एक ठीक. पण विषय कुठला, तर तत्त्वज्ञान! तें घेवन कितें रांदतली?"

ते घेऊन काय रांधणार? प्रश्न माझ्याच अंगणात येऊन पडला, कारण डिचोलीच्या आमच्या आळीत तत्त्वज्ञान घेऊन बीए झालेली मी एकटीच, आणि मी रोज काय रांधते ते सगळी आळी जाणते.

त्यांच्या प्रश्नाला हसण्याची माझी छाती नाही. हा माणूस एकेकाळी दोन ट्रकांचा मालक होता. शिरगाव-मुळगावच्या बाजूच्या खाणींवरचं खनिज नदीकाठच्या धक्क्यापर्यंत न्यायचं, तिथून ते बार्जमधून मांडवीतून पुढे जायचं. त्या दिवसांत डिचोलीत कुणी मुलाला "शिकून काय करणार" असं विचारलं, की "ट्रक घेईन" हे उत्तर शहाणपणाचं समजलं जायचं. बँका दारात येऊन कर्ज देत होत्या. मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. पुढे अटी घालून परवानगी मिळाली, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद. एक ट्रक त्यांनी मिळेल त्या भावाला विकला, दुसरा घरामागे उभा होता आणि त्याच्या हौद्यात पावसाळ्यात तेरं उगवायचं. ज्याच्या डोळ्यांदेखत सगळ्यांत खात्रीचा धंदा बुडाला, त्याला मुलीने सगळ्यांत बिनखात्रीचा विषय सांगितला, तर तो उभाच राहणार.

मी त्यांना म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." ते साखर घेऊन गेले.

वेळ मी मागितला खरा, पण तो माझ्यासाठीच होता. माझं माहेर कोल्हापूरकडचं. कॉलेजात तर्कशास्त्राचे सर फळ्यावर "सर्व माणसे मर्त्य आहेत" असं लिहीत आणि सॉक्रेटिसाला रोज मारत. मला ते फार आवडायचं. पदवी मिळाली, लग्न झालं, सासरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "हे शिकून काय येतं?" मी म्हटलं, "विचार करायला." त्या म्हणाल्या, "ते आम्हांला न शिकताच येतं." हे त्यांचं वाक्य मी तीस वर्षं खोडू शकलेले नाही. त्या विषयावर मी आजवर एक रुपयाही मिळवलेला नाही, हेही हिशेबाच्या वहीत लिहून टाकते. म्हणून त्या मुलीला सांगण्याआधी मला पाहायचं होतं, की आमच्या या गोव्यात ज्यांनी तत्त्वज्ञान केलं, त्यांना जेवू कोण घालत होतं.

सुरुवात अगदी जवळून झाली. डिचोली तालुक्यात साखळीच्या बाजूला कुडणे नावाचं गाव आहे. तिथे चिऱ्यांच्या बांधणीचं एक पडकं जिनालय आहे, लोक त्याला 'गुजीर' म्हणतात. गुजराती व्यापाऱ्यांचं म्हणून गुजीर, असं गावात सांगतात. नार्व्यालाही जुन्या बसदीचे अवशेष आहेत, त्या जागेचं नावच जैनकोट. फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथाची बसदी होती, तिच्याबद्दलचे शिलालेख पंधराव्या शतकातले. मी जन्माने जैन असून लग्नानंतर कितीतरी वर्षं यातलं एकही ठिकाण पाहिलं नव्हतं, आणि ते मला दाखवलं ते आमच्या एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाने. कुडण्याच्या त्या भिंतींपाशी उभं राहिलं, की पहिली गोष्ट मनात येते ती ही, की हे कुणी तरी पैसे मोजून बांधलंय. आमच्यात दानाचे चार प्रकार सांगतात : आहार, औषध, अभय आणि शास्त्र. ग्रंथ लिहवून घेणं, त्याच्या प्रती करवणं, शिकणाऱ्याला ते देणं हे शास्त्रदान. व्यापारी तराजू धरायचा आणि त्याच्या नफ्यातला वाटा अशा माणसाकडे जायचा, ज्याचं काम एकच : एखादी वस्तू 'आहे' म्हणताना ती कोणत्या अंगाने आहे आणि कोणत्या अंगाने नाही, हे तपासायचं. स्याद्वाद म्हणतात तो हाच. मीठ-मिरी विकणाऱ्याने असल्या तपासणीला पैसे का द्यावेत, याचं मला फार दिवस नवल वाटायचं. दुकानात बसायला लागल्यावर कमी झालं. गिऱ्हाईक म्हणतं तांदूळ जुना आहे, घाऊकवाला म्हणतो नवा आहे, आणि दोघेही आपापल्या पिकाच्या हिशेबाने खरं बोलत असतात.

दुसरी जागा जुन्या गोव्यातली. सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला लोक लाखांनी जातात, पण तिथून थोड्याच अंतरावर रस्त्याकडेला एक एकटी कमान उभी आहे, तिच्याकडे कुणी मान वळवत नाही. सेंट पॉल कॉलेजचं तेवढंच उरलंय. सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्यात एक छापखाना उतरला. तो खरं म्हणजे निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण इथेच राहिला. हुआन दे बुस्तामान्ते हा त्याचा मुद्रक. भारतातला हा पहिला छापखाना, हे आपण शाळेत शिकतो. त्यावर पहिल्यांदा काय छापलं, ते मात्र कुणी शिकवत नाही. बायबल नाही, राजाचा हुकूम नाही, पंचांगही नाही. छापली ती 'कोंक्लुझोएश', म्हणजे याच कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायची तत्त्वज्ञानाची प्रमेयं. एका बाजूने प्रमेय मांडायचं, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यायचे, पहिल्याने ते परतवायचे, आणि हे सगळं लोकांसमोर. आपल्या देशात यंत्रावर उमटलेला पहिला कागद हा तत्त्वज्ञानाच्या तोंडी परीक्षेचा कागद होता! त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. उल्लेख आहे तो त्या काळच्या जेझुइटांच्या पत्रांत.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच एक गिरकी घेतली. पण पुढचं पान उलटल्यावर गिरकी थांबली. त्या विद्यार्थ्यांना जेवू घालणारं चर्च होतं आणि पोर्तुगालचा राजा होता, आणि शिकून करायचं कामही ठरलेलं होतं, धर्मप्रसाराचं. वाद घालायचा तो ॲरिस्टॉटलच्या कुंपणाच्या आत. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. प्रमेयं छापून चारच वर्षं झाली होती. वाद शिकवणाऱ्या शहरातच वाद करणं महाग पडायला लागलं. नोकरीच्या खात्रीसह तत्त्वज्ञान हवं असेल तर ते गोव्यात साडेचारशे वर्षांपूर्वी मिळत होतं, एवढं मी त्या बापाला सांगू शकत होते. पण त्या खात्रीची किंमतही सांगावी लागली असती.

तिसऱ्या जागेसाठी मात्र मला डिचोलीतून म्हापशाला आणि म्हापशातून पेडण्याला बस बदलावी लागली. नात्यातल्या एकाचं लग्न होतं. पेडण्याजवळ विर्नोड्याला सरकारी महाविद्यालय आहे, त्याला नाव दिलंय संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं. बस तिथे थांबली तेव्हा पाठीवर सॅक घेतलेली पाच-सहा मुलं चढली. त्यांच्या बोलण्यात मोपा होता. जानेवारी २०२३ मध्ये तिथला विमानतळ सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात सगळ्या वाटा मोपाकडे जातात, कुणी सामान चढवायच्या कामाला, कुणी टॅक्सीला, कुणी हॉटेलात. एक जण दुसऱ्याला विचारत होता की अमुक कोर्स केला तर पगार किती. मी खिडकीतून त्या फलकावरचं नाव वाचत होते आणि मनात म्हणत होते, पोरांनो, ज्याच्या नावाच्या कॉलेजात तुम्ही शिकता, त्याने काय केलं ते ठाऊक आहे का?

सोहिरोबांचा जन्म १७१४ चा, बांद्याचा. घराणं मूळचं पेडण्याकडचं. पाळण्यातलं नाव अच्युत. वडिलोपार्जित कुलकर्णीपण होतं, म्हणजे गावचा जमाखर्च, सारा, दप्तर. आजच्या भाषेत कायम सरकारी नोकरी, तीही वंशपरंपरेची. पेडणे, डिचोली हे सगळे महाल तेव्हा वाडीकर सावंतांकडे. त्यांच्या हयातीतच डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणं १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, पण तोवर ते केव्हाच इथून निघून गेले होते.

त्यांची गोष्ट आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. सावंतवाडीहून तातडीचं बोलावणं आलं. निघण्याच्या गडबडीत जेवण राहिलं, म्हणून बरोबर एक फणस घेतला. वाटेत इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी तो फोडून खायला बसले, तोच एक अवधूत समोर येऊन उभा राहिला आणि त्याने खायला मागितलं. सोहिरोबांनी गरे पुढे केले. तो अवधूत म्हणजे गहिनीनाथ, आणि त्यांनी तिथेच उपदेश दिला, अशी परंपरा सांगते. त्यानंतर सोहिरोबांनी कुलकर्णीपणाचा राजीनामा दिला. वय पस्तिशीच्या आसपास. घर, बायको-मुलं, दप्तर असताना दिलेला राजीनामा.

ही गोष्ट भक्तांच्या तोंडून ऐकली की फणस आणि अवधूत मोठे होतात आणि राजीनामा लहान. माझ्यासारख्या दुकानदाराच्या बायकोला मात्र राजीनाम्याचाच कागद दिसतो. त्या रात्री घरी काय झालं असेल? पण मला आणखी एक दिसतं. या माणसाने पुढे जे लिहिलं, त्यांतली 'सिद्धान्तसंहिता', 'अक्षयबोध', 'पूर्णाक्षरी', 'अद्वयानंद' ही नावं नुसती वाचली तरी कळतं, की हा टाळ घेऊन नुसता नाचणारा संत नाही. सिद्धान्त, संहिता, अद्वय हे शब्द मांडणी करणाऱ्याचे आहेत. पदं लिहिली, ती आजही गोव्यात भजनात म्हणतात, पण सगळा जीव अद्वैताची बाजू नीट लावण्यात. मला राहून राहून वाटतं, की ही शिस्त त्यांना दप्तरानेच दिली असेल. जमेच्या बाजूला काय, खर्चाच्या बाजूला काय, आणि बाकी शून्य आली की नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नका.

साठीच्या घरात ते उत्तरेकडे निघाले आणि ग्वाल्हेर-उज्जैनकडे पोहोचले. तिकडे महादजी शिंद्यांच्या फौजेत पेडण्याचाच आणखी एक माणूस मोठ्या हुद्द्यावर होता, केरी गावचे जिवबादादा केरकर, बक्षी. एकाच महालातले दोघे. एक तलवारीवर पोसलेला, दुसरा कशावर पोसलेला ते सांगणं कठीण. महादजी स्वतः पदं रचायचे. त्यांची आणि सोहिरोबांची भेट झाली, महादजींनी आपली रचना दाखवली, आणि सोहिरोबांनी त्या दरबारी थाटाची पर्वा न करता, आपल्याला तुमची गरज नाही, असं पदातूनच सुनावलं, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. हिंदुस्थानातल्या सगळ्यांत बलाढ्य सरदाराला! तो सहज जन्माचं अन्न बांधून देऊ शकत होता, पण हा माणूस पानावर बसायलाच तयार नव्हता. १७९२ मध्ये उज्जैनकडेच त्यांचा शेवट झाला. आणि आता त्यांचं नाव सरकारी कॉलेजावर, जिथे मुलं नोकरीसाठी शिकतात. यात कुणाला विनोद दिसला तर मी अडवणार नाही. मला तो बोचत राहिला. सोहिरोबांचं उदाहरण दाखवून मी त्या मुलीला काय सांगणार होते, राजीनामा दे? जिची अजून नोकरीच नाही, तिला?

आबे फारियाचं नाव इथे आणावं की नाही, असा विचार करत होते, कारण पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा तो पुतळा सगळ्यांना संमोहनासाठीच ठाऊक आहे. पण कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री १८११ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेलला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, पुढे नीमला. तत्त्वज्ञान शिकवून पगार घेणारा गोंयकार, तोही थेट फ्रान्सात. घरी मात्र तशी सोय उशिरा झाली. पणजीचं लिसेंव १८५४ चं, तिथे तत्त्वज्ञान अभ्यासक्रमात होतं, पण पणजीत मुलाला ठेवण्याची ऐपत असलेल्यांसाठी. पेडणे-डिचोलीकडच्या बऱ्याच मुलांनी मराठी शाळेत अक्षर गिरवलं आणि पोटासाठी मुंबईची वाट धरली.

मला ज्या माणसाकडे थांबायचंय तो सांखवाळचा. धर्मानंद कोसंबी, जन्म ९ ऑक्टोबर १८७६. शाळा जेमतेम. 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्या माणसाच्या डोक्यातून ते गेलंच नाही. लग्न झालेलं, मुलगी झालेली, आणि १८९९ च्या अखेरीस हे घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, सिंहल, ब्रह्मदेश. संस्कृत शिकले, पाली शिकले, भिक्षू झाले. काशीत अन्नछत्रावर जेवले. बाळाबाई मागे गोव्यात. कौतुक करताना हे बाळाबाईंचं नाव गाळलं जातं, म्हणून मी मुद्दाम लिहितेय. तत्त्वज्ञानाला जेवू घालणाऱ्यांत राजे आणि शेठ मोजतात, मागे राहून घर चालवणाऱ्या बायका मोजत नाहीत.

पण धर्मानंद परतले. १९०६ मध्ये कलकत्त्याला पाली शिकवायला लागले, पगार सुरू झाला, बाळाबाईंना बोलावून घेतलं. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून दरमहा पन्नास रुपये देऊ केले. पन्नास म्हणजे कलकत्त्याहून कमी. धर्मानंदांनी कमी घेतले. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांच्यामुळे १९१० मध्ये अमेरिकेला गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. एकही पदवी नसलेला सांखवाळचा माणूस विद्यापीठांना शिकवत होता. मुलगा दामोदर गणिती आणि इतिहासकार झाला, त्याच्या नावाने आता गोव्यात दरवर्षी विचारमहोत्सव होतो, तिथे मी दोनदा मागच्या रांगेत बसून आलेय. आयुष्याच्या शेवटी धर्मानंदांनी पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिलं, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला, अन्न हळूहळू सोडून देह ठेवला. जैन घरात वाढलेल्या माणसाला ही वाट ओळखीची असते. कुणी जेवू घालावं हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडवला, त्याने शेवटी जेवणच सोडलं.

सोहिरोबा आणि धर्मानंद यांच्यात मला एक फरक दिसला आणि तो कामाचा वाटला. सोहिरोबांना दरबाराचा पैसा नको होता. धर्मानंदांनी घेतला, पण अटी पाहून घेतला.

त्याच काळात तिकडे खानदेशात एक वेगळा प्रयोग चालू होता. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडाच्या गिरणीच्या पैशावर वेदान्ताचा अभ्यास, शिकणाऱ्यांना राहण्या-जेवणाची सोय आणि शिष्यवृत्ती. बघा, पुन्हा व्यापारीच. तिथे शिकायला आलेला एक तरुण काही दिवसांतच म्हणाला, मला इथे बसून चालणार नाही, आणि गावातल्याच शाळेत मास्तर झाला. ते साने गुरुजी. तत्त्वज्ञानाची सर्वांत चांगली सोय सोडून ते पोरांच्या वसतिगृहात गेले, आणि मंदिराने त्यांना दिलं नसतं ते मराठीला दिलं. म्हणजे सोय मिळाली म्हणून काम होतंच असंही नाही. राधाकृष्णन यांची गोष्ट तर याहून घरगुती आहे. घरची गरिबी, आणि नात्यातल्या एकाने आपली झालेली पुस्तकं दिली, ती नेमकी तत्त्वज्ञानाची होती, म्हणून विषय तत्त्वज्ञान. तो विषय त्यांना राष्ट्रपती भवनापर्यंत घेऊन गेला. फुकट मिळालेल्या पुस्तकांवर!

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये पणजी-मडगावला कॉलेजं निघाली, मुंबई विद्यापीठाला जोडलेली. आपलं विद्यापीठ १९८५ चं, ताळगावच्या पठारावर, आणि तिथे तत्त्वज्ञान शिकवतात. डिचोलीच्या मुलीला पहिल्यांदाच घरून बसने जाऊन, आईच्या हातचा डबा खाऊन, इन्क्विझिशनला न भिता आणि घर न सोडता हा विषय शिकता येतो. ही सोय सरकारच्या पैशावर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या. पण सरकार शिकवण्याचं जेवण घालतं, शिकल्यानंतरचं नाही. पूर्वी जेवू घालणारा आधी ठरलेला असायचा, आता मुलीने स्वतः शोधायचा. त्या बापाचा प्रश्न म्हणूनच नवा आहे आणि रास्त आहे.

मग मी दुकानच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, की कोण घालू शकेल. प्राध्यापकी, पण जागा थोड्या. वकिली, तिथे तर वादाचीच भाकरी. प्रशासकीय सेवेच्या परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय आहे आणि २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा एक अख्खा पेपर, अडीचशे गुणांचा, सगळ्यांना सक्तीचा. औषधांच्या चाचण्यांवर नजर ठेवणाऱ्या नैतिकता समित्यांमध्ये डॉक्टर आणि वकिलाच्या जोडीला तत्त्वज्ञानाच्या जाणकारालाही जागा आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांतच ते आहे. पत्रकारिता आहे. तिचे वडील आले तेव्हा त्यांना ती यादी वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वयनी, या तर दहा जणांच्या नोकऱ्या झाल्या."

खरंच होतं. यादीने पोट भरत नाही.

मग मी त्यांना आमच्या घरची गोष्ट सांगितली, जी एरवी दुकानात सांगत नाही. सासरे गेल्यावर आमच्या घरात वाटणी निघाली. तीन भाऊ, एक घर, एक दुकान. दोन वर्षं एका छपराखाली तीन चुली आणि एकमेकांशी बोलणं बंद. वकिलाकडे जायची तयारी झाली. मी तेव्हा धाकटी सून, बोलायचा अधिकार नाही. पण एका संध्याकाळी मी सगळ्यांना चहा दिला आणि एकच विनंती केली, की प्रत्येकाने आधी आपली बाजू सांगायची नाही, दुसऱ्याची सांगायची. आणि ज्याची सांगितली तो "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आमच्या पुस्तकात याला पूर्वपक्ष म्हणत. आपल्याकडचा कुठलाही दर्शनकार आधी समोरच्याचं म्हणणं मांडतो, तेही अशा ताकदीने, की वाचणाऱ्याला वाटावं हाच याचा पक्ष. मग खंडन. सेंट पॉलच्या पोरांना आक्षेप घेऊन शिकवत ते याच घरातलं. मोठ्या भावजींनी पहिल्यांदा माझ्या यजमानांची बाजू सांगायचा प्रयत्न केला, ती तीनदा चुकली. चौथ्यांदा बरोबर आली तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. वाटणी झाली, तीन चुली राहिल्याच, पण कोर्टात कुणी गेलं नाही. वकिलाची फी वाचली ती किती, हे मी त्या बापाला आकड्यात सांगितलं. त्यावर ते पहिल्यांदा काउंटरला टेकून उभे राहिले.

सासूबाई म्हणाल्या होत्या, आम्हांला न शिकता येतं. त्या वाटणीच्या दोन वर्षांत मात्र घरात कुणालाच आलं नव्हतं, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. मलाही ते ऐन वेळी आठवलं, वीस वर्षांपूर्वी परीक्षेपुरतं पाठ केलेलं.

मुलगी त्या वेळी दारात आली. मी तिला म्हटलं, "बस. तुझ्या बाबांची बाजू तू सांग. तुझी नको." ती आधी चिडली. मग बोलायला लागली. खाणी बंद झाल्या तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती, पण तिला सगळं आठवत होतं. बँकेचा माणूस आला की आई दिवा न लावता आत बसायची. बाबांनी मोठा ट्रक विकला त्या दिवशी त्यांनी किल्ली देण्याआधी केबिन पुसून काढली. बाबांना वाटतं की मी असं काही शिकावं, जे कुठल्याही कोर्टाच्या निकालाने एका दिवसात बंद पडणार नाही, असं ती म्हणाली, आणि "बाबा, बरोबर?" म्हणून थांबली.

बापाने मान हलवली. मग बराच वेळ तो काउंटरवरच्या वजनांकडे बघत होता. नंतर म्हणाला, "केबिनची गोष्ट तुला कुणी सांगितली?"

त्यांनी लगेच हो म्हटलं असं कुणी समजू नये. दोन अटी घातल्या. बरोबरीने संगणकाचा कोर्स करायचा, आणि पहिल्या वर्षी गुण चांगले आले नाहीत तर विषय बदलायचा. मुलीने एक अट उलट घातली, की तोवर घरात कुणी "कितें रांदतली" म्हणायचं नाही. आता ती सकाळच्या कदंब बसने पणजीला जाते. माझं तर्कशास्त्राचं जुनं पुस्तक तिच्याकडे आहे, ज्याच्या साठाव्या पानावर माझ्या लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. परवा परत मागितलं तर म्हणाली, "काकी, आधी सिद्ध करा, की ते तुमचं आहे."